भावंडासोबतचा वीकेंड: मीटअप आणि सिनेमा एकमेकांवर न आदळता कसे आखायचे

भावंडासोबत मीटअपला (एकाच छंदाच्या लोकांच्या ठरवून केलेल्या भेटीला) जाऊ, सिनेमा बघू, पोटभर गप्पा मारू, असं ठरवून सुरू झालेला वीकेंड बऱ्याचदा शनिवारी संध्याकाळीच विस्कटतो. खेळ ऐन रंगात आलेला असतो आणि शो सुरू व्हायला चाळीस मिनिटं उरलेली असतात. एकाचा पाय निघत नाही, दुसऱ्याला बसवत नाही. मग वाटेत अबोला, आणि थिएटरात पोचलं तरी पहिली वीस मिनिटं पडद्याकडे लक्ष लागत नाही.

मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी ही चूक बरेचदा केली. तो बोर्डगेममध्ये रमणारा, मी स्केचिंगमध्ये, आणि सिनेमा दोघांनाही प्रिय. आवडी छान जुळत होत्या, पण कार्यक्रमांचा क्रम चुकत होता. तो सुधारल्यापासून आमचे हे दोन दिवस खरोखर सुखाचे जातात. म्हणून खाली सगळं त्याच क्रमाने दिलं आहे. टप्पे मागेपुढे करू नका, विशेषतः पहिले तीन.

## टप्पा १: संपायच्या वेळा लिहून काढा

एक कागद घ्या आणि प्रत्येक कार्यक्रमापुढे तो संपायची वेळ लिहा. सुरू व्हायची वेळ आयोजक सांगतोच. संपायची आपली आपण काढावी लागते आणि सगळा घोळ तिथेच होतो. छंदांच्या भेटी या बाबतीत सारख्या नसतात.

काहींचा शेवट पक्का असतो. घड्याळ लावून खेळायचं बुद्धिबळ घ्या. प्रत्येक खेळाडूला १० मिनिटं असतील आणि चालीमागे वेळ वाढत नसेल, तर डाव २० मिनिटांच्या पुढे जाऊच शकत नाही. चार फेऱ्या असतील तर मधल्या वेळेसकट दोन तास धरा आणि निश्चिंत राहा.

काहींचा शेवट अंदाजाने सांगता येतो. स्केचिंगची भेट, फोटोवॉक (फोटो काढत गटाने फिरणं), पक्षिनिरीक्षण ही या गटातली. स्केचिंगच्या ग्रुपमध्ये शेवटी सगळ्यांच्या वह्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडायची पद्धत आहे. जागेवर बसून शहराची चित्रं काढणाऱ्यांच्या ‘अर्बन स्केचर्स’ या गटाच्या भेटींमध्येही ती दिसते. वह्या मांडणं, त्या वाकून बघणं, फोटो आणि निरोप यांत सहज अर्धा तास जातो. आयोजकाने दिलेल्या वेळेत हा अर्धा तास धरलेला आहे की नाही, ते आधीच विचारून घ्या.

आणि काहींचा शेवट कुणाच्याच हातात नसतो. बोर्डगेम या प्रकारातले. खोक्यावर ‘९० मिनिटं’ छापलेलं असतं, पण टेबलावर एक जण जरी नवखा असला तरी नियम सांगण्यात अर्धा तास जातो आणि खेळ निदान दीडपट लांबतो. म्हणजे ३० अधिक १३५, एकूण पावणेतीन तास. तुमचं भावंड पहिल्यांदाच येत असेल, तर तो नवखा माणूस घरचाच आहे हे विसरू नका.

सिनेमाचंही गणित मांडा. १५० मिनिटांचा सिनेमा, जाहिराती आणि ट्रेलर मिळून २० मिनिटं, मध्यांतर असलं तर आणखी १५, आणि गर्दीतून बाहेर पडायला १०. बेरीज १९५ मिनिटं, म्हणजे सव्वातीन तास. अडीच तासांचा हिशेब करून पुढचं काही ठरवलं असेल तर ते बोंबललंच.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक ओळीत संपायची वेळ आहे का? नसेल तर तिकीट काढू नका.

## टप्पा २: क्रम लावा

दोन दिवसांत दोन मीटअप (एक तुमच्या आवडीचं, एक भावंडाच्या) आणि एक सिनेमा, याहून जास्त घेऊ नका. तिसरं मीटअप कितीही मोहात पाडणारं असलं तरी सोडा. दोघं निवांत भेटता ते या कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत, आणि तिसरा कार्यक्रम नेमका तोच वेळ खातो.

आता मुख्य नियम: ज्याचा शेवट सांगता येत नाही, त्याच्यामागे काहीही ठेवू नका. तो कार्यक्रम दोन दिवसांतला शेवटचा.

दुसरा नियम शरीराचा. बसून करायच्या दोन गोष्टी लागोपाठ घेऊ नका. तीन तास टेबलाशी आणि लगेच तीन तास खुर्चीत, अशाने सिनेमाच्या उत्तरार्धात पाठ बोलायला लागते. चालण्याफिरण्याचं मीटअप आणि त्यानंतर सिनेमा, ही जोडी मात्र उत्तम.

आमचं ठरलेलं वेळापत्रक असं आहे. शनिवारी सकाळी माझं स्केचिंग. दुपार मोकळी. संध्याकाळी सिनेमा. रविवारी सकाळ मोकळी. दुपारी त्याचे बोर्डगेम, आणि त्यानंतर कागदावर एकही ओळ नाही. खेळ पाचला संपो नाहीतर आठला, कुणी घड्याळ बघत नाही.

तुमचे छंद वेगळे असतील तर नावं बदला, नियम तेच ठेवा. दोघांच्याही मीटअपचा शेवट अनिश्चित असेल, तर सिनेमा सकाळच्या खेळाला बघा. सकाळच्या शोला गर्दीही बहुधा कमी असते.

सावधान: दोन कार्यक्रमांच्या मध्ये प्रवासाच्या वेळेशिवाय किमान दीड तास रिकामा हवा. घरी येऊन हातपाय धुऊन पंधरा मिनिटं आडवं पडता आलं, तर संध्याकाळ वेगळीच जाते.

## टप्पा ३: आयोजकाला आधी कळवा

भावंडाला न सांगता सोबत नेणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि त्याचा त्रास भावंडालाच होतो. बोर्डगेमला जागा मोजून असतात. मूळ ‘कॅटन’ हा बोर्डगेम तीन किंवा चार जणांचा आहे. पाचवा आणि सहावा खेळाडू घ्यायचा तर वेगळा विस्तारसंच लागतो. तुम्ही पाचवे म्हणून भावंडाला उभं केलंत, तर एक तर ते दुसऱ्या टेबलावर अनोळखी माणसांत जाईल, नाहीतर तुमच्या खांद्यामागून बघत बसेल.

संदेश छोटा ठेवा, पण त्यात चार गोष्टी विचारा: पाहुणा चालेल का, नवख्यासाठी काही आहे का, सामान आपलं आणायचं की मिळेल, आणि मध्येच निघालं तर चालेल का. चौथा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. विचारा. आयोजकाला आधी माहीत असलं, तर तो तुम्हाला लांबलचक खेळात बसवत नाही.

भावंड अल्पवयीन असेल, तर त्या भेटीला वयाची अट आहे का तेही विचारून घ्या.

## टप्पा ४: सिनेमा दोघांनी मिळून निवडा

“तुला जो आवडेल तो” हे वाक्य ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्याने सगळा भार एकावर पडतो. सिनेमा कंटाळवाणा निघाला तर निवडणारा रात्रभर खट्टू राहतो.

आम्ही असं करतो. प्रत्येकाने चालू सिनेमांतली तीन नावं लिहायची. मग समोरच्याच्या यादीतली दोन खोडायची, कारण न विचारता. दोन नावं उरतात. ज्याचं मीटअप दुसऱ्या दिवशी आहे, त्याने त्या दोनांतून एक निवडायचं. म्हणजे शनिवारी माझं स्केचिंग असेल तर सिनेमा ठरवणार तो. दोन्ही मान एकाच दिवशी एकालाच मिळत नाहीत. गोष्ट साधी आहे, पण आमच्यातली कुरबूर हिनेच थांबली.

निवडलेला सिनेमा एखाद्या मालिकेतला पुढचा भाग असेल, तर दोघांनीही आधीचे भाग पाहिलेले हवेत. नाहीतर एकाला सतत कानात सांगावं लागतं, आणि आजूबाजूच्यांचाही रसभंग होतो. ट्रेलर एकच बघा. दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेलरमध्ये कथेचा बराच भाग उघडा पडतो.

## टप्पा ५: तिकीट काढताना

इथे घाई नको. पैसे भरायच्या आधी पुढच्या गोष्टी एकेक करून बघा.

तारीख. मध्यरात्रीनंतरचा शो कोणत्या तारखेखाली दाखवला आहे, ते दोनदा वाचा. शनिवारी रात्री सव्वाबाराचा म्हणजे खरं तर रविवार. वेगवेगळ्या ठिकाणी तो वेगळ्या पद्धतीने लिहितात.

भाषा आणि उपशीर्षकं. एकाच सिनेमाचे मूळ भाषेतले आणि डब केलेले शो शेजारी शेजारी असतात. उपशीर्षकं हवी असतील, तर ती त्या शोला आहेत याची खात्री करा.

प्रकार. थ्रीडीचा चष्मा लावला की चित्र थोडं मंद दिसतं, आणि नंबरच्या चष्म्यावर तो चष्मा तीन तास घालणं अनेकांना जड जातं. दोघांपैकी एकाला जरी नंबर असेल तरी टूडी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. आयमॅक्सचे जास्तीचे पैसे सिनेमा त्यासाठीच चित्रित केलेला असेल तरच सार्थकी लागतात.

जागा. आसनांच्या नकाशात पडदा वर दाखवलाय की खाली, हे आधी बघा. पडदा उलट्या बाजूला धरून बसल्याने आम्ही एकदा थेट पहिल्या रांगेत पोचलो होतो, आणि भाऊ घरी येईपर्यंत मान चोळत होता. पडद्यापासून मागे जाताना साधारण दोन तृतीयांश अंतरावरची रांग आणि तिच्यातलं मधलं ठिकाण निवडा. आवाजाची जुळणी साधारण त्याच पट्ट्यात बसून केलेली असते, म्हणून संवाद तिथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतात. दोघांपैकी कुणाला मोठ्या आवाजाचा त्रास होत असेल, तर भिंतीवरच्या स्पीकरलगतच्या कडेच्या जागा टाळा आणि कानात घालायचे बोळे जवळ ठेवा.

रद्द करण्याची अट. किती वाजेपर्यंत पैसे परत मिळतात ते वाचा आणि ती वेळ कागदावर लिहा.

तपासा: तिकीट दोघांच्याही फोनमध्ये हवं. एकाच्याच फोनमध्ये तिकीट आणि त्याची बॅटरी शून्यावर, ही वेळ अनेकांवर आली आहे.

## टप्पा ६: आदल्या रात्री सामान

प्रत्येक मीटअपची वेगळी पिशवी भरा आणि भावंडाचं सामानही त्याच वेळी बघा. पाहुण्याला काय लागणार हे त्याला माहीत नसतं.

स्केचिंगसाठी: दोन वह्या, दोन पेन्सिली, वही उघडी धरायला चार चिमटे, बसायला घडीचं स्टूल किंवा जाड कापड. जलरंग नेणार असाल तर कागद ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा असू द्या. पातळ कागद पाण्याने फुगून वाकडा होतो, आणि नवख्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

जलरंगाबाबत एक गोष्ट कळकळीने सांगते. एकदा शो गाठायच्या घाईत मी ओलं पान तसंच मिटलं. घरी येऊन वही उघडली तर आभाळाचा सगळा निळा समोरच्या पानाला चिकटून आला होता. त्या पानावर भावाने आयुष्यात पहिल्यांदा काढलेलं झाड होतं. शेवटची वीस मिनिटं रंगाला हात लावू नका, पेनाने काम करा, आणि निघताना दोन पानांच्या मध्ये कोरा कागद ठेवा. दमट हवेत वाळायला याहूनही जास्त वेळ लागतो.

पक्षिनिरीक्षणाला जात असाल तर दुर्बीण हा भांडणाचा विषय होतो. दोघांत एकच असली की दर वेळी नळ्यांमधलं अंतर बदलावं लागतं आणि उजव्या डोळ्याजवळची कडीही फिरवावी लागते. तेवढ्यात पक्षी उडालेला असतो. शक्यतो दुसरी मागून आणा. ८×४२ ची दुर्बीण सुरुवातीला सोयीची. यातला ८ चा आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एकच असेल तर कडीवर आपापला आकडा बघून ठेवा, म्हणजे हातात आल्यावर ती क्षणात जुळवता येते.

बोर्डगेमसाठी फारसं काही लागत नाही. फक्त भावंडाला आदल्या रात्री एखाद्या सोप्या खेळाचे नियम सांगून ठेवा. ‘बोर्डगेमगीक’ या बोर्डगेमच्या संकेतस्थळावर खेळांना १ ते ५ या पट्टीवर अवघडपणाचा आकडा दिलेला असतो. पहिल्या दिवशी २ च्या आसपासचा किंवा त्याहून कमी आकड्याचा खेळ पुरे.

## टप्पा ७: मीटअपमध्ये तुम्ही यजमान आहात

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

तुम्ही तिथे नेहमीचे असता. दारातच चार जण हाक मारतात आणि तुम्ही त्यांच्यात मिसळता. भावंड मागे, हातात पिशवी घेऊन उभं. हे तुमच्या लक्षातही येत नाही. पहिली दहा मिनिटं कुणाशीही मोकळ्या गप्पा सुरू करू नका. आधी भावंडाची दोघा-तिघांशी ओळख करून द्या, आणि ओळखीत बोलायला धागा द्या. “हा माझा भाऊ” एवढ्यावर संवाद पुढे सरकत नाही. “हा माझा भाऊ, घरी नियमपुस्तक हा वाचतो आणि आम्ही सगळे ऐकतो” असं म्हटलं की समोरचा लगेच काहीतरी विचारतो.

बोर्डगेमला शेजारी बसवा, समोर नको. शेजारी बसलं की पत्ते हळूच दाखवून विचारता येतं.

आणि भावंडाच्या चाली तुम्ही खेळू नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भाऊ प्रेमापोटी माझी प्रत्येक चाल सुचवत होता. मी फासे हातात धरून बसायचे आणि तो म्हणायचा, “ताई, तिथे नको, इथे रस्ता बांध.” तासाभराने माझ्या लक्षात आलं की टेबलावर तो एकटाच दोन बाजूंनी खेळतोय. मी फासे खाली ठेवले आणि म्हणाले, “हरले तरी चालेल रे, पण मला माझं हरू दे.” तेव्हापासून ठरलं आहे की विचारल्याशिवाय सांगायचं नाही. स्केचिंगलाही हेच लागू. त्याच्या रेषेवर मी माझी रेघ ओढत नाही.

दोघांनी एक खूण ठरवून घ्या. कंटाळा आला, दमायला झालं, निघू या, हे सगळ्यांसमोर बोलणं अवघड जातं. आमची खूण म्हणजे पाण्याची बाटली आडवी ठेवणं. बाटली आडवी दिसली की पंधरा मिनिटांत निघायचं, का म्हणून विचारायचं नाही.

सावधान: पहिल्याच भेटीत भावंडाला स्पर्धेच्या टेबलावर बसवू नका. ‘कोडनेम्स’सारखा गटाने खेळायचा, पंधरा-वीस मिनिटांत संपणारा खेळ आधी घ्या. एकट्यावर भार येत नाही आणि टेबलावरच्या माणसांचा अंदाज येतो.

## टप्पा ८: थिएटरमध्ये

छापील वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा. फोन बंद किंवा मूक करा आणि त्याच्या पडद्याचा उजेडही कमी करा, कारण अंधारात खिशातून डोकावणारा उजेडसुद्धा मागच्यांना खुपतो.

मध्येच मत विचारू नका. “कसा वाटतोय?” असं विचारलं की समोरच्याला सिनेमातून बाहेर येऊन उत्तर शोधावं लागतं. शेवटची नामावली पूर्ण होईपर्यंत बसायचं की उठायचं, हे आत जाण्याआधी ठरवा. नामावलीनंतर कधी कधी एखादं दृश्य असतं, आणि एक जण उठून उभा, दुसरा बसलेला, अशी ओढाताण होते.

## टप्पा ९: सिनेमानंतरचा तास

हा तास वेळापत्रकात लिहिलेला असावा लागतो, नाहीतर मिळत नाही. जमलं तर घरापर्यंतच्या वाटेचा थोडा भाग चालत जा.

पहिली काही मिनिटं निवाडा देऊ नका. “फालतू होता” हे एकाने म्हटलं की दुसऱ्याला रडू आलेला प्रसंग तो कधीच सांगणार नाही. त्याऐवजी एखाद्या दृश्याबद्दल विचारा: शेवटी तिने दार उघडं का ठेवलं असेल? अशा प्रश्नाला चूक-बरोबर उत्तर नसतं, आणि बोलणं आपसूक लहानपणीच्या एखाद्या दारापाशी जाऊन पोचतं. माझ्या भावाने मला त्याच्या नोकरीतली अडचण पहिल्यांदा सांगितली ती अशाच एका रात्री, दिव्याच्या खांबाजवळ थांबून.

सावधान: दुसऱ्या दिवशीच्या मीटअपमध्ये सिनेमाचा शेवट बोलून टाकू नका. टेबलावरच्या कुणीतरी अजून पाहिलेला नसतो.

## टप्पा १०: रविवारी निघताना

खर्चाचा हिशेब त्याच संध्याकाळी करा. आमच्यात तिकिटं एकाची, प्रवास दुसऱ्याचा, आणि पुढच्या खेपेला उलट. कमावतं एकच जण असेल तर त्यानेच सगळं करावं, आणि ते वीकेंड सुरू व्हायच्या आधी मोकळेपणाने सांगावं.

खेळ आवरायला हात लावा. खोकं बंद करण्याआधी पत्ते, सोंगट्या आणि फासे मोजा, टेबलाखाली आणि खुर्चीच्या फटीत बघा, बाहीच्या घडीतही बघा. खेळ दुसऱ्याचा असतो, आणि एक लाकडी सोंगटी कमी झाली की पुढच्या भेटीत तो खेळ टेबलावर येत नाही.